शिंग, माप आणि तोसदान: ठासणीच्या बंदुकीचं सामान घरी करताना

7 सप्टेंबर 2024, शनिवार

गणपती बसले, आरती झाली, पाहुणे जेवून गेले आणि संध्याकाळी गॅरेजमधलं टेबल रिकामं करून पुसून घेतलं. बंदूक ऑगस्टमध्येच आली आहे. अर्ध्या इंची नळीची, चकमकीची. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते, आणि दारू-गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची. मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो. अठराव्या शतकात याच भागातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या. या राज्यात 1974 पासून हरणांच्या शिकारीचा एक हंगाम चकमकीच्या बंदुकांसाठी असतो, आता तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मी शिकार करत नाही, क्लबच्या रेंजवर कागदावर नेम धरतो. पण क्लबातल्या लोकांची बंदुकीची दारू ठेवायची शिंगं आणि चामड्याच्या पिशव्या पाहिल्यापासून विकतचं प्लास्टिकचं सामान हातात धरवत नाही.

दुसरं कारण घरचं आहे. माझं आजोळ कुडाळजवळ. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, यांच्याकडे शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. माजघरात खुंटीला एक काळपट शिंग टांगलेलं असायचं. त्याला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, एवढंच तेव्हा कळत होतं.

करायच्या वस्तू: दारूचं शिंग, दारूचं माप, पिशवी (जुन्या मराठीत काडतुसांच्या पिशवीला तोसदान म्हणत, मी या पिशवीलाही तेच नाव देतो), बाहेरची आग आतल्या दारूपर्यंत नेणारं नळीचं बारीक भोक साफ करायची सुई, आणि फ्रिझनचं टोपण. गारगोटी ज्या पोलादी पाटीवर आपटते तिला फ्रिझन म्हणतात. मुदत 26 डिसेंबर.

एक नियम आजच भिंतीवर लिहून लावला: गॅरेजमध्ये दारू आणायची नाही. ती तिच्या मूळ डब्यात, घराच्या दुसऱ्या टोकाला, कुलपात. सगळं काम रिकाम्या शिंगावर.

14 सप्टेंबर

खरेदी. साफ केलेलं गाईचं शिंग, बाहेरच्या वळणाने 13 इंच: 18 डॉलर. चामडं, सोफ्याच्या कारखान्यातले उरलेले तुकडे: 22 डॉलर. लिननचा दोरा, सुया, आरी, मधमाशीच्या मेणाची वडी: 41 डॉलर. करवत, कानस, ड्रिल घरात होतंच.

चामडं स्वस्त मिळालं म्हणून खुशीत होतो. त्याची किंमत पुढे कळली.

15 सप्टेंबर

शिंग आतून कुठपर्यंत पोकळ आणि कुठून भरीव, हे आधी काढायचं. जाड तार आत सरकवली, थांबली तिथे बोटाने पकडली, बाहेर काढून तेवढीच लांबी शिंगाच्या अंगावर आखली. टोकाकडचे सुमारे तीन इंच भरीव निघाले. त्या तीन इंचांतून भोक पाडून पोकळीला मिळवायचं.

इथेच पहिली मोठी चूक झाली. टोक कापलं, मधोमध खूण केली, शिंग चिमट्यात पकडलं आणि ड्रिल सरळ चालवलं. शिंग वाकडं असतं, ड्रिल सरळ जातं. दोन इंच गेल्यावर बाहेरच्या फुगीर बाजूला आधी एक पांढुरका ठिपका दिसला. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, आणि ड्रिलचं टोक त्या ठिपक्यातून बाहेर आलं.

दुरुस्ती: जिथे भोक फुटलं त्याच्या मागून टोकच कापून टाकलं. उरलेलं भरीव अंतर फक्त इंचभर होतं आणि तिथे वळणही कमी होतं. या वेळी तार शिंगाच्या बाहेरून धरून ड्रिलची दिशा आधी आखली. आधी 3 मिलिमीटरचं भोक, तारेने तपासणी, मग 6 मिलिमीटर. मधोमध लागलं. शिंग आता साडेदहा इंचांचं झालंय. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी तार आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लावावी, आणि वळण जास्त असेल तर टोक आधीच मागे घ्यावं. दोन इंच शिंग आणि चार तास असे गेले.

21 सप्टेंबर

शिंगाचं बूड लंबगोल असतं. लाकूड नीट बसायला ते गोल करायला हवं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, बुडाकडचे तीन इंच पंधरा मिनिटं बुडवून ठेवले, मग निमुळता लाकडी ठोकळा आत दाबून तसंच गार होऊ दिलं. पहिल्या खेपेला अर्धवट झालं, कारण पातेल्यापासून टेबलापर्यंत जाईतो शिंग कडक झालं. दुसऱ्या खेपेला ठोकळा शेगडीशेजारीच ठेवला. जमलं.

मधे घाई म्हणून हीट गन लावून पाहिली. दहा सेकंद जास्त एका जागी धरली तर कडेचा थर पांढरा पडून सुटायला लागला. तेवढा भाग कापावा लागला. उकळतं पाणी शिंग जाळत नाही, हीट गन जाळते.

बायको स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "केस जळल्यासारखा वास येतोय." बरोबरच आहे, केस, नखं आणि शिंग एकाच द्रव्याची. पुढचं उकळणं अंगणात, कॅम्पिंगच्या शेगडीवर.

28 आणि 29 सप्टेंबर

तासणं. दोन दिवस फक्त तासणं. फुटलेल्या काचेच्या कडेने शिंग फार छान तासलं जातं, पातळ कागदासारखे साल निघतात. चामड्याचे हातमोजे घालून. गळ्याशी पट्टा अडकायला एक खाच ठेवली. भिंत एवढी पातळ केली की दिव्यासमोर धरल्यावर मधासारखा उजेड आतून येतो. बाहेरून किती दारू उरली ते दिसावं म्हणून जुन्या शिंगांची भिंतही अशीच पातळ असे, ही गोष्ट हातात शिंग धरल्यावरच पटली.

5 ऑक्टोबर

बुडाचं लाकूड. अंगणातल्या चेरीची फांदी जुलैच्या वादळात पडली होती. तिचाच तुकडा कातून बसवला, कडेला सहा भोकं पाडून टूथपिकच्या खुंट्या ठोकल्या, सांध्यात वितळलेलं मेण सोडलं. घरच्या झाडाचं लाकूड म्हणून फार समाधान वाटलं.

12 ऑक्टोबर, दसरा

आज पूजेत शिंग, आरी, करवत आणि कानस मांडली, हळद-कुंकू वाहिलं. आईला व्हिडिओवर दाखवलं. तिने शिंग बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अण्णांच्या शिंगाचं बूच दोरीने बांधलेलं असायचं रे. पावसात बूच हरवलं तर दारू गेलीच म्हणायची." माझं बूच सुटं होतं. संध्याकाळी मेपलचं नवीन बूच केलं, डोक्याला भोक पाडून दोरीने पट्ट्याला बांधलं.

19 ऑक्टोबर

पिशवीला हात घातला. सोफ्याचं चामडं कापायला मऊ, पण रापीखाली सरकतं. कड घासून गुळगुळीत होत नाही, धागे निघाल्यासारखी राहते. पट्टा शिवून त्याला दोन किलोचं वजन टांगून ठेवलं तर सकाळपर्यंत तो बोटभर लांबला होता. हे क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेलं चामडं. सोफ्याला ते उत्तम, भार घेणाऱ्या आणि कडा उघड्या राहणाऱ्या कामाला नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावतात. तसलं, झाडाच्या सालीवर कमावलेलं हवं. 22 डॉलर आणि एक शनिवार गेला.

नवीन मागवलं: पिशवीसाठी दीड मिलिमीटर जाडीचं, पट्ट्यासाठी तीन मिलिमीटरचं. टपालखर्च धरून 96 डॉलर. हा या कामातला सर्वात मोठा खर्च, आणि काटकसर करायची नाही ती इथेच.

26 ऑक्टोबर

व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवून काळा रंग करतात. पांढऱ्या व्हिनेगरच्या बरणीत बारीक स्टीलवूल टाकायचं, आठवडा-दोन आठवडे ठेवायचं. झाकण घट्ट लावू नये, आत हायड्रोजन तयार होतो, आणि जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको. मी ही बरणी महिन्याच्या सुरुवातीलाच भरली होती, पण स्टीलवूलवरचं तेल आधी धुऊन काढायचं राहिलं. वर तेलकट तवंग आला. गाळून घेतलं, पण पहिल्या तुकड्यावर डाग पडले. दुसरी बरणी भरली, या वेळी स्टीलवूल ॲसिटोनने धुऊन आणि पूर्ण वाळवून.

9 नोव्हेंबर

दुसऱ्या बरणीतलं पाणी नव्या चामड्यावर ब्रशने फिरवलं. तपकिरी चामडं डोळ्यांदेखत राखाडी, मग निळसर, मग काळं झालं. रंग वरून चढत नाही, चामड्यातल्या टॅनिनचाच (झाडाच्या सालीतलं तुरट द्रव्य) लोखंडाशी संयोग होतो. म्हणून हात लावला तरी उतरत नाही. कडेला मात्र रंग फिका आला.

उपाय इंडियन ग्रोसरीत मिळाला. हिरडा पावडर, 5 डॉलर. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. कडक काढा करून फिक्या जागी दोनदा लावला, वाळवला, पुन्हा लोखंडाचं पाणी फिरवलं. शाईसारखा काळा. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तीच ही गोष्ट. आजीच्या पोटदुखीच्या डब्यातला हिरडा इथे लँकेस्टरमध्ये चामड्याच्या कामाला आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्यायचं, नाहीतर आम्ल आत राहून चामडं कालांतराने ठिसूळ होतं. मग चामडं मऊ करणाऱ्या नीट्सफूट तेलाचा एकच पातळ हात. मी एका तुकड्यावर तीन हात दिले, तो फडक्यासारखा लुळा पडला. तो तुकडा आता आतल्या खिशाला वापरणार.

16 आणि 17 नोव्हेंबर

शिवण. ही पिशवी उलटी करून शिवतात, मग ओली करून सुलट करतात, म्हणजे टाके आत जातात. दोन थरांच्या मध्ये चामड्याचा गोट घालायचा, त्याने शिवण झाकली जाते आणि दोऱ्याची झीज होत नाही.

दोन सुया, एकच दोरा, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. आरीने एकेक भोक पाडायचं आणि लगेच टाका ओढायचा. मी आधी सगळी भोकं पाडून घेतली, आणि अर्ध्यावर मागचा थर सरकल्याने भोकं जुळेनात. तेवढं उसवलं. दोराही शिवणीच्या दुप्पट घेतला होता, पुरला नाही. चौपट घ्यावा. इंचाला सात टाके धरले. दोरा प्रत्येक वेळी मेणावरून दोनदा ओढला की टाका जागेवर पकडून बसतो, त्याचा एक बारीक कर्र आवाज येतो. पाचव्या-सहाव्या टाक्यानंतर कान त्याच आवाजाची वाट पाहायला लागतो, आणि आवाज नाही आला तर समजायचं की मेण कमी पडलं.

डाव्या अंगठ्यात आरी घुसली. खोल नव्हती, पण दोन दिवस काम थांबलं. चामड्याच्या मागे हात न ठेवता बुचाचा तुकडा ठेवावा.

सुलट करायला कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवली. कोपरे लाकडी चमच्याच्या दांड्याने आतून बाहेर ढकलले. दीड मिलिमीटरचं चामडं कसंबसं वळलं. यापेक्षा जाड असतं तर वळलंच नसतं.

23 नोव्हेंबर

माप. काळी दारू वजनावर नाही, आकारमानावर मोजून घालतात. थेट शिंगातून नळीत कधीच ओतायची नाही. नळीत एखादा निखारा राहिला असेल तर हातातलं अख्खं शिंग पेट घेईल. म्हणून वेगळं माप.

हरणाच्या शिंगाचा तुकडा क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी दिला. अर्ध्या इंची ड्रिलने थोडं थोडं खोल करत गेलो. दर वेळी क्लबात जाऊन, त्यांच्या पितळी मापातली 70 ग्रेन दारू माझ्या मापात ओतून पाहायची. तीन फेऱ्या झाल्या. सुमारे साडेतीन सेंटिमीटर खोलीवर काठोकाठ भरलं. ड्रिल करण्याआधी दर वेळी माप पाण्याने धुऊन, पुसून, रात्रभर वाळवलं. 7000 ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे पौंडभर दारूत 100 बार.

30 नोव्हेंबर

घरात हीटर सुरू होऊन तीन आठवडे झाले. मागच्या आठवड्यात शिंगाच्या बुडाशी नख जाईल एवढी फट दिसली. चेरीची फांदी ओली होती, वाळली आणि आक्रसली. बूच काढून, तोंडाने हवा फुंकत शिंग बादलीत बुडवलं तर बुडबुड्यांची माळ वर आली. खुंट्या पोखरून काढल्या, लाकूड फेकलं. दुकानातून भट्टीत वाळवलेल्या अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा आणला, 6 डॉलर, आणि तोही आठवडाभर घरात ठेवून मगच कातला. पुन्हा मेण, पुन्हा बादली. आता बुडबुडा नाही. घरच्या लाकडाचं वाईट वाटलं, ते पुढच्या वर्षापर्यंत वाळत ठेवलं आहे.

7 डिसेंबर, रेंजवर पहिला दिवस

बार भरायचा क्रम असा. शिंगातून मापात दारू, मापातून नळीत. नळीच्या तोंडावर वंगण लावलेली चिंधी, तिच्यावर गोळी, ती दट्ट्याने, म्हणजे आखूड दांड्याने, आत दाबायची, मग गजाने तळापर्यंत. नळी सुरक्षित दिशेला ठेवून सर्वात शेवटी रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीतली चिमूटभर बारीक दारू.

माझी पिशवी कमरेच्या खाली लोंबत होती, कारण फोटोंत तशी छान दिसली होती. चालताना मांडीवर आपटायची. हात घालायला वाकावं लागायचं. शिंग तिच्या झाकणावर येत होतं, त्यामुळे दर वेळी आधी शिंग बाजूला करायचं. मापाची दोरी लांब, ते गजात अडकलं. गोळ्या आणि गारगोट्या एकाच कप्प्यात, थंडीने बधिर बोटांना फरक कळेना. एका बाराला सहा मिनिटं लागली. चौथ्या बाराला रंजक पेटली आणि आतली दारू पेटलीच नाही. फुसका बार. नियमाप्रमाणे मिनिटभर नळी लक्ष्याकडेच धरून थांबलो. मग भोक साफ करायला सुई हवी, तर ती पिशवीच्या तळाशी.

ते ज्येष्ठ सभासद शांतपणे पाहत होते. त्यांनी स्वतःची पिशवी माझ्या खांद्यावर घातली आणि डोळे मिटून गोळी काढायला सांगितलं. पिशवी कोपराच्या किंचित खाली, बरगडीला टेकलेली. शिंग तिच्या वर, झाकणाला न लागणारं. सुई पट्ट्यावर छातीशी. हात घातला आणि पहिल्याच खेपेला गोळी बोटात आली. मी सप्टेंबरपासून दिसण्याच्या मागे होतो, त्यांची पिशवी हाताच्या सवयीवरून बेतलेली होती.

चिंध्याही तपासल्या. दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या माझ्या चिंध्या मध्ये जळून फाटलेल्या. कापड पातळ होतं. उशीच्या खोळीचं जाड, घट्ट विणीचं सुती कापड घ्यावं.

14 आणि 15 डिसेंबर

उसवणं आणि बदल. पट्टा नऊ इंच कापला. शिंगाला वेगळा पट्टा, पिशवीच्या पट्ट्यापेक्षा तीन इंच आखूड. आत तीन खिसे: पुढे गोळ्या, मागे चिंध्या, बाजूच्या लहानशा खिशात गारगोट्या. लुळा पडलेला तुकडा यासाठी अगदी योग्य ठरला. माप पिशवीच्या काठाला वीतभर दोरीने. पितळी तारेची सुई पट्ट्यावर, नळीचं भोक 1/16 इंचाचं म्हणून तार त्याहून बारीक. फ्रिझनचं टोपण तासाभरात झालं: ओलं चामडं पाटीवर गुंडाळून, वाळवून, तीन बाजूंनी शिवलं आणि ट्रिगरच्या कड्याला दोरीने बांधलं. ते घातलेलं असेल तर गारगोटी चुकून सुटली तरी ठिणगी पडत नाही. सगळ्या सामानात मी हे पहिलं करायला हवं होतं.

चिंध्यांचं वंगण: मेण आणि ऑलिव्ह तेल निम्मंनिम्मं केलं होतं, थंडीत खडूसारखं झालं. एक भाग मेण, तीन भाग तेल, आता बोटाने पसरतं.

21 डिसेंबर

बारा बार, एकही फुसका नाही. एका बाराला सरासरी दोन मिनिटं. तापमान उणे चार. जाड चिंध्या अखंड राहिल्या, कडा फक्त काळवंडलेल्या.

आतापर्यंतचा खर्च 214 डॉलर, त्यातले फुकट गेलेले सुमारे 45. वेळ 90 तासांच्या आसपास.

कायद्याबद्दल: अमेरिकेत 1968 च्या केंद्रीय कायद्याखाली अशा काळ्या दारूच्या, ठासणीच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका वेगळ्या वर्गात येतात, पण राज्याराज्यांचे नियम निराळे, ते आधी बघावेत. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. शिंग आणि चामड्याचं काम मात्र कुणालाही करता येईल.

26 डिसेंबर, गुरुवार

पहाटे पाचला ते ज्येष्ठ सभासद हंगामाला निघाले. त्यांच्या जुन्या पिशवीचा पट्टा कडीजवळ तुटायला आला होता. तो मी काल रात्री बदलून दिला. तीन मिलिमीटरचं चामडं, हिरड्याचा काळा रंग, इंचाला सात टाके. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, खांद्यावर घातला, डोळे मिटून पिशवीत हात घातला आणि एक गोळी काढून दाखवली.

आईला शिंगाचा फोटो पाठवलाय. अण्णांचं शिंग मामाच्या माळ्यावर असावं असं ती म्हणते. मेमध्ये कुडाळला जाणार आहे, तेव्हा आधी माळा शोधायचा.